दोन घाटांच्या मधली नदी

वाईला माझी शाळेपासूनची मैत्रीण राहते. तिच्याकडे दोन कुत्री आहेत. खंडू दहा वर्षांचा, करडा, तोंडाशी पांढरा पडलेला. चिंगी दीड वर्षाची, तांबूस, एका पावसाळ्यात पुलाखाली कुडकुडत बसली होती तिथून हिनं उचलून आणलेली. चिंगी मैत्रिणीची आहे. खंडू अण्णांचा, म्हणजे तिच्या वडिलांचा.

अण्णा गेल्या वैशाखात गेले. त्यानंतर कित्येक दिवस खंडू रोज पहाटे गणपती घाटावर जाऊन बसायचा आणि ऊन चढलं की एकटाच घरी यायचा. पुढं ते थांबलं. पण रविवार आला की अजून तो दाराशी उभा राहतो, असं ती मला फोनवर सांगत होती. "अगं, रविवारी अण्णा याला घेऊन नदीनं वर जायचे. सकाळी निघायचे ते दुपार टळल्यावर उगवायचे. कुठं जातात, परत कसे येतात, कधी कुणी विचारलंच नाही. आई म्हणायची, नदीवर गेलेत. बस." मग थोडं थांबून म्हणाली, "तू ये ना. एकदा खंडूच्या मागं जाऊन बघू."

मी पौषातल्या एका शनिवारी रात्रीच जाऊन पोचले.

सकाळी साडेसहाला आम्ही घाटावर होतो. नदीवर धुकं इतकं, की पलीकडचा काठ नव्हताच. ढोल्या गणपतीचं देऊळ मात्र अगदी जवळ, ओलसर काळं उभं होतं. हे देऊळ सरदार रास्त्यांनी १७६२ साली बांधलं. पात्राच्या इतकं जवळ, की पावसाळ्यात कृष्णा चढली की पाणी थेट देवळाला भिडतं. बांधणाऱ्यांनी म्हणून त्याची मागची भिंत माशाच्या आकाराची, टोकदार काढली. पुराचा लोंढा त्या टोकावर फुटतो आणि दोन्ही अंगांनी निघून जातो. लहानपणी मला ही भिंत म्हणजे देवळाचा चुकलेला कोपरा वाटायची. ती नदीला दिलेली वाट आहे, हे अण्णांनीच आम्हाला सांगितलं होतं, याच पायऱ्यांवर बसून. नदीशी भांडून इथं कुणी टिकलेलं नाही, तिला बाजूनं जाऊ दिलं तेच टिकले, असं काहीतरी म्हणाले होते.

वाईचं आणि कृष्णेचं नातं घाटांचं. गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह, भीमकुंड. प्रत्येक आळीचा आपला घाट, आणि माघात कृष्णाबाईचा उत्सव सुरू झाला की तो आळीआळीनं पुढं सरकत जातो. नदीला इथं बाईच म्हणतात, कृष्णाबाई. तिची खणानारळानं ओटी भरतात. मीही आजवर नदीला भेटले ती घाटावरच. इथं वाईला, खाली कऱ्हाडला कोयनेच्या संगमावर, औदुंबरला, नरसोबाच्या वाडीला. हात जोडायचे, पाय बुडवायचे, परत फिरायचं. एका घाटापासून दुसऱ्या घाटापर्यंत ती काय करते, कशी असते, हे मी कधी बघितलंच नव्हतं.

खंडूनं घाटाकडं पाहिलंसुद्धा नाही. शेवटची पायरी उतरला, भिंतीच्या कडेनं वळला आणि काठाच्या पायवाटेला लागला. चिंगी दोरीला हिसके देत त्याच्यामागं. त्याला दोरी नव्हती. लागतही नव्हती.

पहिला अर्धा तास फार काही सुखाचा नव्हता. गाव संपता संपता नदीच्या अंगावर आपण जे जे टाकतो ते सगळं तिथं होतं. निर्माल्याच्या गाठ मारलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या, फोटोंच्या चौकटी, कुणाच्या तरी गादीचा कापूस. देवाची फुलं पाण्यात सोडायची म्हणून श्रद्धेनं एवढं चालत येतात, आणि पिशवी सोडवायला मात्र कुणाला सवड नसते. मला याचा मनापासून राग येतो. ज्या बाईची आपण ओटी भरतो तिच्या पदरात कचरा कसा टाकवतो?

पुढं करंजाची झाडं सुरू झाली आणि धुकंही विरायला लागलं. करंज, उंबर, मधेच पाण्यावर ओणवी झालेली वाळुंजाची झाडं. वाळुंजाची मुळं पुरानं उघडी पडून केसांसारखी लोंबत होती आणि त्यांच्यात कुठल्या तरी पावसाळ्यातलं गवत, चिंध्या, एक निळी चप्पल अडकलेली होती, माझ्या डोक्याच्याही वर. पाणी इथवर येतं हे त्या चपलेकडं पाहून कळलं. एरवी समोरची नदी इतकी शहाण्यासारखी वाहत होती, की खरं वाटलं नसतं.

खंडूची चालण्याची एक पद्धत आहे. दहा-पंधरा पावलं पुढं जायचं, थांबायचं, मागं वळून बघायचं. आम्ही दिसलो की पुन्हा पुढं. चौथ्या-पाचव्या वेळेला मैत्रिणीच्या लक्षात आलं. "अण्णांचा गुडघा," ती म्हणाली. "ते सावकाश चालायचे. हा त्यांच्यासाठी थांबायचा." त्यानंतर आम्हीही पावलं कमी केली. आणि कमी केली तशी नदी दिसायला लागली.

काळ्या कातळाचा एक पट्टा पात्रात थेट मधपर्यंत गेला होता. त्यावर तांब्याएवढे, कळशीएवढे गोल खळगे. खंडू त्यातल्या एकापाशी गेला आणि त्यातलं पाणी प्यायला, नदी दोन हातांवर असताना. मी वाकून पाहिलं. आत तळाशी लिंबाएवढा एक गोटा होता, इतका गुळगुळीत, की हातात धरल्यावर ओल्या साबणासारखा निसटत होता. पावसाळ्यात पाणी भोवऱ्यानं फिरतं, गोटा खळग्यात गरगरतो, खळगा खोल होतो आणि गोटा लहान. निघोजला कुकडीच्या पात्रात असे रांजणखळगे माणूस मावेल एवढे आहेत. हे त्यांच्यापुढं बाळच. पण बेसाल्टसारखा खडक एका गोट्यानं कोरायचा म्हणजे किती पावसाळे लागले असतील! मी गोटा पुन्हा होता तिथं ठेवला. मैत्रीण हसली. "खिशात घालशील वाटलं." मला तो उचलवला नाही. त्याचं काम अजून चालू होतं.

तिथंच बसून आम्ही चहा प्यायलो. पाण्यावर एक कवड्या खंड्या आला. काळा-पांढरा, ठिपक्या-ठिपक्यांचा. नेहमीचा निळा खंड्या फांदीवर बसून मासा हेरतो. हा हवेतच एका जागी थांबतो, पंख फडफडवत, चोच सरळ खाली धरून, जणू वरून कुणी दोरा धरलाय. मग दोरा सुटल्यासारखा पडतो. तीनदा पडला, तिसऱ्या वेळेला चोचीत चमकलं. चिंगी त्याच्याकडं मान वाकडी करून पाहत होती. खंडूनं मात्र डोळे मिटून घेतले होते. त्याला हे सगळं माहीत असावं.

पुढं एका कापून मोकळ्या झालेल्या रानात धनगरांनी मेंढरं बसवली होती. मेंढरांचं लेंडीखत रानाला मिळतं आणि धनगराला शेतकऱ्याकडून धान्य किंवा पैसे. आम्ही बांधावर आलो तशी त्यांची दोन कुत्री उठली. ही राखणीची कुत्री, बिबट्याला न भिणारी. माझे पाय जागीच थिजले. चिंगी मैत्रिणीच्या पायांत शिरली. खंडू थांबला, सावकाश खाली बसला आणि तोंड बाजूला वळवून नदीकडं पाहायला लागला. भांडायचं नाही, पळायचंही नाही. ती दोघं येऊन त्याला हुंगून गेली. तेवढ्यात पालापाशी बसलेल्या बाईनं जिभेनं एक आवाज केला आणि ती परत फिरली. सगळं मिळून मिनिटभर. पण त्या म्हाताऱ्या कुत्र्याची ती बैठक माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

मेणवलीच्या अलीकडं, जिथं गाड्या काठापर्यंत येतात, तिथं चिंगीचा पाय कापला. बाटलीची काच. वाळूत अर्धी पुरलेली, हिरवी. किंकाळी मारून ती तीन पायांवर उभी राहिली. पुढचा डावा पंजा, मधल्या गादीला चीर, आणि रक्त थांबेना. मैत्रिणीनं तिला मांडीवर घेतलं, बाटलीतल्या पाण्यानं पंजा धुतला, काच आत राहिली नाही ना म्हणून बोटानं चाचपून पाहिलं. तिचे हात थरथरत होते. मी आजूबाजूच्या काचा वेचायला लागले. ओंजळभर निघाल्या. पार्टी करणारे कोण होते कुणास ठाऊक, पण नदीकाठी बसून बाटली दगडावर फोडण्यात काय सुख असतं, हे मला आजवर कळलेलं नाही.

ओढणीची पट्टी बांधून आम्ही वर रानात आलो, कारण वर धूर दिसत होता. आणि वास येत होता. तो वास वाईकडच्या माणसाला डोळे बांधून ओळखता येईल. हळद शिजत होती.

अक्षय्य तृतीयेच्या सुमारास लावलेली हळद आठ-नऊ महिन्यांनी, थंडीत तयार होते. आधी पाला कापतात, मग कंद खणून काढतात, गड्डे वेगळे, हळकुंडं वेगळी. मग शिजवायची. पूर्वी काहिलीत शिजवायचे, वरून हळदीचाच पाला आणि पोती झाकून. इथं वाफेचे ड्रम होते. एक बाई हळकुंडात गवताची काडी टोचून पाहत होती. काडी अडली नाही, सरळ आत गेली, की शिजली. उतरवलेला ढीग खळ्यावर पसरलेला, त्यातून वाफा निघत होत्या. त्या वेळी हळकुंड पिवळं दिसत नाही, मळकट, मातकट दिसतं. वाळून, पॉलिश होऊन ते बाजारात जातं तेव्हा पिवळं होतं. पण मोडलं, की आत केशरी, ओलं, जळत्या निखाऱ्यासारखं.

त्या बाईंनी आमच्याकडं पाहिलंच नाही. त्यांनी खंडूकडं पाहिलं.

"आरं, तू व्हय! लई दिसांनी." मग आमच्याकडं वळून, "अण्णा न्हाई आलं?"

मैत्रिणीला बोलता येईना. मी सांगितलं. बाई काडी हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. मग पदरानं डोळे टिपून म्हणाल्या, "तरीच. म्या म्हनलं, आजारी असतील." आणि आत जाऊन हळदीचा डबा आणि खोबरेल घेऊन आल्या. चिंगीचा पंजा स्वतःच्या मांडीवर घेऊन त्यांनी हळद दाबून भरली. चिंगी विव्हळली, पण तिनं पाय ओढला नाही. रक्त थांबलं.

"तुमी त्येंच्या कोन?"

"मुलगी."

"मंग बसा की. ते हितंच बसायचं, ह्या उंबराखाली. आमच्या पोराला गनित शिकिवलं त्येंनी, धा-धा मिंटं करून. दर आयतवारी."

मैत्रीण उंबराखाली बसली. आमचा डबा उघडला, बाईंनी हिरव्या मिरचीचा ठेचा आणि गरम भाकरी आणून दिली. भाकरी हातात येताच खंडू उठून अगदी समोर येऊन बसला, आणि आमच्या दोघींच्याही मनात बहुधा एकच आलं, कारण ती म्हणाली, "नामदेवांसारखं तूप घेऊन मागं धावायला लागायचं नाही याच्या. हा आपणहून बसतो." कुत्र्यानं कोरडी भाकरी पळवली म्हणून तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागं धावणारे नामदेव आपण लहानपणापासून ऐकतो. आणि ही तर दत्ताची नदी. खाली औदुंबर, नरसोबाची वाडी, आणि प्रत्येक तसबिरीत दत्ताच्या पायाशी चार कुत्री. ते चार वेद आहेत असं सांगतात. मला मात्र ती नेहमी खरीच कुत्री वाटत आलीत, लांबून चालत आलेली, दमून पायाशी टेकलेली.

मैत्रिणीनं भाकरीचा पहिला तुकडा खंडूला दिला. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "घरी मला गणित शिकवताना ते चिडायचे गं. पाटी आपटायचे." आणखी थोड्या वेळानं, "इथं नसतील चिडत." त्यात तक्रार नव्हती. वडिलांना आपण जेवणाच्या पाटावर, देवघरात, दवाखान्याच्या खाटेवर पाहतो. मधल्या वाटेवर ते कसे असतात, कुणाशी हसतात, कुठल्या झाडाखाली टेकतात, ते दुसऱ्याच कुणाला माहीत असतं. एका शेतकरी बाईला. एका कुत्र्याला.

चिंगीला उचलूनच घ्यावं लागणार असं वाटलं होतं, पण ती लंगडत का होईना चालायला लागली. मेणवलीचा घाट आला तेव्हा ऊन चांगलं चढलं होतं. नाना फडणवीसांचा वाडा, मेणवली दफ्तराची कागदपत्रं जिथून निघाली तो. खाली अर्धचंद्रासारखा घाट, मेणेश्वराचं देऊळ, आणि ती घंटा. चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली तेव्हा तिथल्या चर्चमधल्या ज्या घंटा देशावर आल्या, त्यातली ही एक. भीमाशंकरला, नाशिकला नारोशंकराच्या देवळात तिच्या बहिणी आहेत. या घंटेवर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे आणि १७०७ हा सन. समुद्रकाठची घंटा नदीकाठी येऊन किती मुकाट्यानं रुजली! चिंगी तिच्याखालच्या सावलीत पसरली. पायऱ्यांच्या दगडावर तिच्या डाव्या पंजाचे पिवळे ठसे ओळीनं उमटले होते, प्रत्येक तीन काळ्या दगडांनंतर एक.

मेणवलीपुढं नदी भरून चालली होती. धरणातून रब्बीचं आवर्तन सुटलं असावं. हिवाळ्यात कृष्णा किती वाहायची हे आता पावसापेक्षा धोमचे दरवाजे आणि कालवे ठरवतात. ज्या दगडांवरून ओढा ओलांडायचा ते पाण्याखाली होते. खंडू पाण्याशी गेला, उभा राहिला, मग उसाच्या कडेनं वर वळला. आम्ही मोठ्यानं बोलत, टाळ्या वाजवत मागून. उसात बिबट्या असतो म्हणतात, म्हणून. तो तुकडा मी विसरूनही जाईन.

धोमला नरसिंहाच्या देवळात आम्ही टेकलो नाही, खंडू थांबलाच नाही म्हणून. मी पळत जाऊन तेवढा नंदी बघून आले. कमळाच्या आकाराच्या दगडी कुंडात एक कासव आणि कासवाच्या पाठीवर नंदी. कुंड भरलं की कासव पाण्यावर तरंगत नंदीला घेऊन चाललंय असं वाटतं. कुंड त्या दिवशी कोरडं होतं. परत आले तेव्हा मैत्रीण आणि दोन्ही कुत्री रस्त्यावर बरीच पुढं, धरणाच्या भिंतीला वळसा घालून चाललेली दिसली. तिच्या चालण्यातच मला काहीतरी वेगळं दिसलं. तिला कळलं होतं.

अण्णांचं गाव त्या पाण्यात आहे. सत्तरच्या दशकात धोमचं धरण झालं, साडेतेरा टीएमसीचं, आणि वरच्या खोऱ्यातली गावं, शेतं त्यात गेली. त्याच पाण्यावर खाली दुष्काळी पट्ट्यापर्यंत पिकं उभी राहिली, हेही खरं. अण्णा तेव्हा विशी-बाविशीतले. घरच्यांना दूर खाली जमीन मिळाली, अण्णा शिक्षक होऊन वाईत राहिले. घरात गावाचा विषय कुणी काढला, की ते एवढंच म्हणायचे, "गेलं ते गेलं." मुलांना त्यांनी एकदाही इथं आणलं नव्हतं.

पायवाट खाली उतरत पाण्याशी संपली. समोर सगळं निळं आणि स्तब्ध, पलीकडं कमळगड. काठावर एक तुतवार पक्षी शेपूट हलवत चालत होता. खंडू एका मोठ्या धोंड्यापाशी गेला. त्याच्याभोवती एकदा फिरला, आणि धोंड्याच्या डाव्या बाजूला, थोडी जागा सोडून, पाण्याकडं तोंड करून बसला.

ती सोडलेली जागा एका माणसाची होती. मैत्रीण तिथं जाऊन बसली. मी मागंच थांबले, चिंगीला घेऊन. किती वेळ गेला सांगता येणार नाही. एकदा वारा आला आणि पाण्यावर शहारा उठून कमळगडाची सावली मोडली, पुन्हा जुळली. तिनं खंडूच्या पाठीवर हात ठेवला होता. ती रडत होती की नाही मला दिसलं नाही आणि मी पाहायला गेले नाही.

ऊन कलल्यावर आम्ही वर रस्त्याला आलो. चिंगीचा पाय सुजला होता, तिला आणखी चालवणं शक्य नव्हतं. एसटीत दोन कुत्री घेतील असं वाटत नव्हतं. वाईत रविवारी कोणता डॉक्टर उघडा असेल म्हणून मी फोन लावत होते, तेवढ्यात वरून वाढ्याचे भारे लादलेला एक छोटा हत्ती येताना दिसला. आम्ही हात करण्याआधीच तो थांबला. चालवणारा पंचविशीतला मुलगा. तो आमच्याकडं बघेना, खाली खंडूकडंच बघत राहिला. मग त्यानं गाडी बंद केली, उतरला.

मी म्हटलं, "दादा, वाईपर्यंत सोडता का? मागं बसतो आम्ही, कुत्र्यांना घेऊन."

"तुम्ही बसा मागं, ताई. लहानीलाही घ्या," तो म्हणाला आणि पुढचं दार उघडून उभा राहिला. "याला पुढं येऊ दे. अण्णांबरोबर तो पुढंच बसायचा."